क्लेम सग्डेनची मिशी

आमच्या क्लेगडेन गावात हेडली बॅराक्लफ ह्या न्हाव्यासमोर नुसतं 'मिशी' म्हणायची सोय नव्हती. "कसली मिशी?" म्हणून तो लगेच अंगावर यायचा. त्याच्या मते नुसतं मिशी म्हणणं म्हणजे खाटकाच्या दुकानात जाऊन नुसतं मांस मागण्यासारखं होतं. अहो, कशाचं? कुठलं? जाड कापू की पातळ? इंग्रजीत एवढे शब्द आहेत ते काय शोभेला ठेवलेत का? दोन्ही टोकं वर वळवलेली असली तर तिला हँडलबार म्हणावं. ओठ झाकून खाली लोंबत असली तर वॉलरस, आणि तिच्यातून सूप ठिबकत असलं तर सूपगाळणी. नाकाखाली चौकोनी ठिगळ असलं तर दातांचा ब्रश. पण तसली मिशी युद्धानंतर कुणी ठेवली नाही, आणि का ते सगळ्यांना ठाऊक आहे. सिनेमातल्या लफंग्यासारखी बारीक रेघ असली तर पेन्सिल. कानापासून गालांवर उतरलेले जाड कल्ले म्हणजे मटणाच्या फोडी. हनुवटीपुरतीच असली तर बोकडदाढी. सकाळी दाढी करूनही संध्याकाळी गाल निळे दिसायला लागले तर ती पाच वाजताची सावली. आणि ह्यातलं काहीच नसून नुसताच आळस असला तर खुंट.

माणसं त्याला नावांनी आठवायचीच नाहीत. "बोकडदाढी येऊन गेली का गं?" असं तो वर जिन्यात तोंड करून विचारायचा, आणि त्याच्या बायकोला, डोरिसला, बरोब्बर कळायचं की नवे पाद्री येऊन गेले का म्हणून विचारतोय. एकदा बँकेत चोरी झाली तेव्हा पोलिसांनी त्याला चोराचं वर्णन विचारलं. दुकानाच्या काचेतून त्याने चोराला पळताना पाहिलं होतं. ह्याने चोराची मिशी अशी रंगवून सांगितली की शिपायाला दोनदा पेन्सिलीला टोक करावं लागलं. चोर उंच होता की बुटका, ते मात्र ह्याला ठाऊक नव्हतं. 

हा धंदा त्याला मामाकडून मिळाला. बाप मागावर काम करायचा, आणि पोराच्या हाताला मागावरचं काम काही जमत नव्हतं, म्हणून शाळा सुटली तशी त्याला चॅपल स्ट्रीटवर मामाच्या दुकानात घातलं. मामाने पहिली दोन वर्षं कात्रीला हात लावू दिला नाही. केस झाडायचे आणि गिऱ्हाईक आत आलं की त्याच्या चेहऱ्यावर काय आहे ते मामाच्या कानात सांगायचं. चुकलं की डोक्यात कंगवा. युद्धात हेडलीला सैन्याने इजिप्तला नेलं, तिथेही त्याने हजामतीच केल्या. परत आला, डोरिसशी लग्न केलं, मामा गेल्यावर दुकान चालवायला घेतलं, आणि मग क्लेगडेन सोडून कुठे म्हणून गेला नाही. स्वतःचा चेहरा मात्र गुळगुळीत. का म्हणून विचारलं की म्हणायचा, "माझी मिशी बघणार तुम्ही. मग मी कशाला उपद्व्याप करू?"

आणि क्लेम सग्डेन हा त्याचा मित्र. क्लेम कापड रंगवायच्या कारखान्यात होता. त्याची नखं कधी निळी, कधी तपकिरी, ज्या आठवड्यात जो रंग चालू असेल त्या रंगाची. गावच्या ब्रास बँडमध्ये तो युफोनियम वाजवायचा, म्हणजे मांडीवर लेकरासारखं घेऊन वाजवायचं ते मोठ्या पोटाचं पितळी वाद्य. एक शुक्रवार सोडून दुसऱ्या शुक्रवारी तो कारखान्यातून थेट हेडलीच्या खुर्चीत येऊन बसायचा, "नेहमीसारखं" म्हणायचा आणि डोळे मिटायचा. हेडली केस कापायचा, मिशी सारखी करायचा. मग क्लेम आरशात न बघताच म्हणायचा, "झकास." मधल्या वेळात पाऊस आणि बँड ह्या दोन विषयांवर काय बोलणं होईल ते. एवढ्यावर त्यांची मैत्री आयुष्यभर टिकली होती, आणि आमच्याकडे एवढ्याला पुष्कळ समजतात.

अठ्ठ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत क्लेमच्या छातीत कफ साठला आणि त्याला जिल्ह्याच्या हॉस्पिटलात नेलं. श्वास घेता येईना म्हणून तोंडातून नळी घातली. नळी धरून ठेवणारी चिकटपट्टी मिशीवर बसेना, तेव्हा नर्सने मिशी काढून टाकली. त्यात कुणाची काही चूक नव्हती. नळीनेही फार उपयोग झाला नाही, आणि दोन-तीन दिवसांत क्लेम गेला.

सोमवारी सकाळी आयव्ही सग्डेन, क्लेमची बायको, हेडलीच्या दुकानात आली. आता आमच्याकडे न्हाव्याच्या दुकानात बाई शिरत नाही. बाहेर उभी राहून काचेवर टकटक करते फार तर. त्यामुळे बाकावर बसलेल्या सगळ्यांनी एकदम वर्तमानपत्रं तोंडापुढे धरली. खुर्चीतल्या माणसाला अर्ध्या गालावर साबण होता, त्याने डोळे मिटून घेतले. 

"हेडली," आयव्ही म्हणाली, "मी हॅरॉपकडे जाऊन आले."

हॅरॉप म्हणजे आमच्याकडे अंत्यविधीचं सगळं बघणारा माणूस. माणूस गेला की त्याच्याकडच्या मागच्या खोलीत ठेवतात, आणि घरच्यांनी शेवटचं बघून घेतलं की मग शवपेटीला झाकण लावतात.

"कसा आहे?" हेडलीने विचारलं, आणि विचारल्याबरोबर जीभ चावली.

"कोण कसा आहे? तिथे क्लेम नाहीच. तिथे कुणीतरी दुसराच झोपवलाय. ओठ बघितलास का त्याचा? मी आयुष्यात कधी बघितला नव्हता. माझी त्याची ओळख झाली तेव्हाच मिशी होती. मी दारातून बघितलं आणि परत फिरले. आत गेलेच नाही."

"अगं आयव्ही..."

"अगं-बिगं काही नाही. परक्या माणसाचा निरोप मी घेणार नाही. तसंच झाकण लावा म्हणून सांगणार होते हॅरॉपला. मग म्हटलं, हेडलीला विचारून बघावं. तू त्याची मिशी परत बसव."

हेडलीच्या हातातला वस्तरा हवेतच राहिला. "मी काढणारा माणूस आहे, आयव्ही. लावणारा नाही."

"त्या ऑपेराच्या वेळी समुद्री चाच्यांना दाढ्या कोण चिकटवतो? दर वर्षी?"

"ते नाटक झालं."

"मग हेही नाटकच समज," आयव्ही म्हणाली. "गुरुवारी दुपारी चर्चमध्ये नेणार आहेत. सकाळी मी बघायला येईन. तो असला तर त्याच्याजवळ बसेन. नसला तर नाही. बसेन असं मी त्याला सांगितलं होतं रे, हॉस्पिटलात. ऐकू आलं की नाही देव जाणे."

ह्यावर कुठलाही शहाणा माणूस 'बघतो, जमेल तसं करतो' असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेता. पण विधवा बाई समोर उभी, बाकावर चार वर्तमानपत्रं कान टवकारून बसलेली. हेडली म्हणाला, "करतो."

दुपारी त्याने लीड्सला फोन लावला. तिथे मिस प्रिंगल नावाची बाई नाटकवाल्यांना टोप आणि दाढ्यामिश्या पुरवायची. दर हिवाळ्यात आमच्या हौशी मंडळींच्या ऑपेरासाठी तिच्याकडून पेटी यायची, त्यामुळे दोघांची ओळख होती, तीही फोनवरचीच.

"मिस प्रिंगल, मला एक मिशी हवी आहे. बुधवारपर्यंत."

"कसली?" मिस प्रिंगलने विचारलं.

हेडलीने तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. 

"मिस्टर बॅराक्लफ? आहात का?"

"आहे, आहे."

"हँडलबार? वॉलरस?"

"छे छे. दोन्ही नाही."

"मग ब्रश?"

"अहो, भला माणूस होता तो!"

"पेन्सिल?"

"तो कारखान्यात कामाला होता, मिस प्रिंगल. मुली पळवायला नव्हता."

"मग होती तरी कशी?"

"कशी म्हणजे... क्लेमसारखी."

"ह्या नावाचा प्रकार माझ्याकडे नाही," मिस प्रिंगल म्हणाली. ती काही दुष्ट बाई नव्हती, पण तिला कामं होती. "असं करा, फोटो पाठवा. पुढून काढलेला, तोंड स्पष्ट दिसणारा."

फोन ठेवून हेडली बराच वेळ तिथेच जिन्याखाली उभा राहिला. सबंध गावाला शब्दांवरून टोचत आलेला माणूस, आणि स्वतःच्या मित्राच्या तोंडावर काय होतं ते त्याला सांगता येईना. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

संध्याकाळी तो आयव्हीकडे गेला. तिने फोटोंचा बिस्किटाचा डबा टेबलावर उपडा केला. फोटो पुष्कळ होते. क्लेम बँडबरोबर बागेत, क्लेम बँडबरोबर नाताळात, क्लेम बँडबरोबर कुठल्याशा स्पर्धेत. प्रत्येक फोटोत क्लेमच्या तोंडाला युफोनियम. फोटोवाला आला की बाकीचे वाद्य खाली ठेवून छाती काढून बसायचे, क्लेम तेवढा वाजवतच राहायचा. स्कारबरोच्या समुद्रावरचा एक निघाला, त्यात आइस्क्रीम तोंडाला लावलेलं. लग्नाच्या फोटोत तरी दिसेल म्हणून हेडलीने तो उजेडाकडे नेला, तर तिथेही ह्या पठ्ठ्याच्या तोंडाला वाद्य!

"बँडमधला एक जण आजारी पडला ना त्या दिवशी," आयव्ही म्हणाली. "म्हणाला, एक गाणं वाजवून आलो. मी चर्चच्या पायरीवर एकटीच उभी होते. माझ्या आईने त्याला त्यावरून मरेपर्यंत माफ केलं नाही."

"आयव्ही, तूच सांग ना कशी होती ती."

आयव्हीने विचार केला. "टोचायची," ती म्हणाली. मग ती चहा टाकायला उठली.

मग हेडली पबात गेला. तिथे बँडचे लोक बसलेलेच असतात. त्याने सगळ्यांना शांत केलं आणि विचारलं, "क्लेमची मिशी कशी होती? नीट आठवून सांगा. गंमत नाही."

"वॉलरस," ढोलवाला लगेच म्हणाला.

"वॉलरस? तुझं डोकं ठिकाणावर आहे का? छाटलेली होती. ब्रशसारखी."

"ब्रशसारखी असती तर लेका गावाने दगड मारले असते त्याला. खाली वळलेली होती, अशी, दोन्ही बाजूंना."

"वर वळलेली."

"खाली!"

"लाल होती," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. 

"लाल? पांढरी होती पार. तू कुठल्या क्लेमबद्दल बोलतोयस?"

बँडमास्तर ओल्ड्रॉइड इतका वेळ गप्प होते. हेडलीने मोठ्या आशेने त्यांच्याकडे बघितलं. "मास्तर, तुम्ही तर दर रविवारी समोर उभे असायचा."

"पंधरावीस वर्षं मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघून हात हलवतोय," ओल्ड्रॉइड हळूच म्हणाले. "सूर चुकला की डोळे वटारायचो. मिशी होती, हे मी शपथेवर सांगेन. त्याच्यापुढचं मला विचारू नका."

शेवटी ढोलवाला आणि त्याच्या शेजारचा हमरीतुमरीवर आले आणि पबवाल्याने दोघांना बाहेर काढलं. ह्यात कुणाला हसू येईल, पण कुणालाच नीट आठवेना ते काही प्रेम नव्हतं म्हणून नाही. आमच्याकडे माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघणं उद्धटपणाचं समजतात. बोलताना खांद्याकडे बघायचं, नाहीतर कुत्र्याकडे, कुत्रं नसलं तर आभाळाकडे. अशाने माणूस जन्मभर समोर असतो आणि गेल्यावर त्याचा ओठ कुणाला सांगता येत नाही. हेडली मात्र तेवढ्यावर स्वतःला सोडायला तयार नव्हता, कारण बघणं हा त्याचा धंदा होता.

मंगळवारी दुपारी डोरिस जेवायला बोलवायला खाली आली, तर हा रिकाम्या खुर्चीच्या मागे डोळे मिटून उभा, उजव्या हाताने हवेत कात्री चालवतोय, डाव्या हाताने कंगवा धरलाय.

"कुणाची हजामत चाललीये ही?" डोरिसने विचारलं.

"बोलू नकोस. चाललंय ते हाताला कळतंय, तोंडाला सांगता येत नाही. बघ, इथे हात वळतो. इथे थांबतो. मग इथे खाली."

डोरिसने थोडा वेळ बघितलं. "मग त्या प्रिंगलबाईला तोंडाने कशाला सांगत बसलायस? जा लीड्सला आणि काप. मटारचं सूप गार होतंय."

कधी कधी बायकोचं ऐकावं लागतं. बुधवारी आमच्याकडे दुकानं दुपारी बंद होतात, हेडलीने सकाळीच बंद केलं आणि लीड्सची बस धरली. मिस प्रिंगल प्रत्यक्षात आवाजापेक्षा पुष्कळ म्हातारी निघाली. तिने ह्याचं सगळं ऐकून घेतलं, लाकडी डोकं टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "रंग?"

"उकळून उकळून किटलीत राहिलेला चहा असतो ना, तसा. टोकांना पांढरा. आणि उजवीकडे जरा लालसर, पाइप ओढून ओढून." हे मात्र त्याच्या तोंडून धडाधड आलं.

मिस प्रिंगलने खणांतून याकच्या केसांच्या जुड्या काढल्या, हा नको तो घे करत मिसळल्या, आणि बारीक जाळीवर एकेक केस गुंफायला घेतला. दुपार त्यातच गेली. मग तिने ती झुपकेदार, न कापलेली मिशी लाकडी डोक्याच्या नाकाखाली चिकटवली आणि म्हणाली, "आता तुमचं काम."

हेडलीने डोळे मिटले आणि कात्री चालवली. दुसऱ्या न्हाव्याने बघितलं असतं तर वेड लागलंय म्हणाला असता. हात वळायचा तिथे वळला, थांबायचा तिथे थांबला. शेवटी त्याने कंगव्याने दोन्ही बाजूंचे केस मध्ये ओढून बसवले, दर वेळी बसवायचा तसे, आणि डोळे उघडले. लाकडी डोक्यावर क्लेमची मिशी होती. हेडलीला इतका आनंद झाला की त्याने मिस प्रिंगलचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. 

"हिला म्हणायचं तरी काय?" मिस प्रिंगलने विचारलं.

"ठाऊक नाही," हेडली म्हणाला. "पण हीच ती."

गुरुवारी सकाळी तो काळा कोट घालून हॅरॉपच्या मागच्या खोलीत गेला. मित्राचा उघडा ओठ त्यानेही पहिल्यांदाच पाहिला, पण त्याने हात चालू ठेवले. डिंक लावला, मिशी बसवली, ओल्या फडक्याने दाबून धरली, कंगवा फिरवला. हॅरॉपने दारातून डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "मिस्टर बॅराक्लफ, कमाल केलीत. आता उठून पावसाबद्दल बोलेल असं वाटतं."

आयव्ही आली ती टोपी घालून, पर्स पोटाशी धरून. ती आत आली, शवपेटीजवळ उभी राहिली आणि बघत राहिली. हेडली भिंतीला टेकून तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. 

"फार छान झालंय, हेडली," ती म्हणाली. "फार कष्ट घेतलेस. कसे आभार मानू?"

आणि ती जायला वळली.

आमच्याकडच्या माणसाला हे ऐकून काय ते कळतं. केक बिघडला की यजमानिणीला 'फार छान' म्हणतात. शेजाऱ्याच्या पोराने व्हायोलिन वाजवलं की 'फार छान' म्हणतात. हेडलीच्या तोंडात कुणी मारल्यासारखं झालं. हॅरॉप पुढे झाला आणि त्याने झाकणाला हात घातला, कारण कामातल्या माणसाला कामाची घाई असते.

"थांबा हो जरा!" हेडली ओरडला. अशा खोलीत कुणी ओरडत नाही, पण तो ओरडला. "आयव्ही, देवाशपथ, मला छान म्हणू नकोस. काय चुकलंय ते सांग. नाही म्हण, शिव्या घाल, पण अशी जाऊ नकोस. दुपारपर्यंत वेळ आहे अजून, माझ्याकडे कात्री आहे."

"अरे, तू एवढी मेहनत केलीस..."

"मरू दे माझी मेहनत! हा क्लेम आहे की नाही?"

आयव्ही दारातच थबकली. मग परत फिरून दोन पावलं जवळ आली. "आहे," ती म्हणाली. "पण शुक्रवारचा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्याकडून आलेला. माझा नाही." ती जरा अवघडली. "मध्ये कापायला हवं. नाकाच्या बरोबर खाली, छोटीशी खाच. वाद्याची ती पितळी वाटी बसते ना ओठावर, तिच्यात केस अडकले की सूर किंचाळतो. मी कापायची. दर रविवारी सकाळी, बँडला जायच्या आधी, स्वयंपाकघरात. लग्न झालं तेव्हापासून."

"तू कापायचीस?"

"तुला सांगू नको म्हणायचा. हेडलीला कळलं तर नाताळपर्यंत तोंड फुगवून बसेल म्हणायचा."

आणि फुगवून बसला असताच, ह्यात शंका नाही. ती मधली विरळ जागा त्याने पाहिली नव्हती असं थोडंच होतं? दर वेळी बघायचा. त्याची समजूत अशी की वाटी घासून घासून बिचाऱ्याचे तिथले केस उगवायचेच थांबलेत. मित्राचं व्यंग झाकावं म्हणून तो दोन्हीकडचे केस ओढून ओढून ती जागा बुजवायचा, आणि मित्राला वाईट वाटू नये म्हणून त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. शुक्रवारी हा बुजवायचा आणि रविवारी ती उघडायची. आणि तो मधला भला माणूस दोघांनाही "झकास" म्हणत राहिला. हेडलीला राग यायला हवा होता. त्याऐवजी क्लेमची अशी काही आठवण आली की त्याला डोळ्यांपुढचं दिसेना.

त्याने खिशातली कात्री काढली आणि मुठीकडून आयव्हीपुढे धरली.

"मी?" आयव्ही म्हणाली.

"तूच. मला ते येत नाही."

तिने पर्स खुर्चीवर ठेवली, हातमोजे काढले. मग वाकून तिने डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने क्लेमचा वरचा ओठ धरला, नेहमी धरायची तसा, जराही न बिचकता. कात्री जवळ नेली.

"हलू नकोस," ती म्हणाली.

सवयीने म्हणाली. तिचं तिलाच कळलं नाही. कात्री दोनतीनदा वाजली, मिशीत मधोमध छोटीशी खाच पडली, आणि तिने फुंकर घालून ओठावरचे केस उडवले. मग ती सरळ झाली आणि बघायला लागली. आता तिथे क्लेम होता. हॅरॉपलाही ते दिसलं, त्याने टोपी काढली.

"बघ," आयव्ही हेडलीला म्हणाली, "सारखं बोंबलायला लागायचं मला, हलू नकोस, हलू नकोस म्हणून. तरी हलायचाच. आज पहिल्यांदा ऐकलंन माझं."

आणि तिला जे रडू फुटलं ते मोठ्याने, लाज सोडून, आमच्याकडे कुणी रडत नाही तसं. हेडलीने पर्स उचलली, खुर्ची ओढून शवपेटीला भिडवली आणि आयव्हीला खांद्याला धरून बसवलं. हॅरॉपने झाकण भिंतीशी नेऊन ठेवलं. जरा वेळाने आयव्हीने नाक पुसलं, क्लेमच्या कोटावरचे बारीक केस हाताने झटकले आणि त्याचा हात हातात घेतला.

"तुम्ही दोघं जा बाहेर," ती म्हणाली. "मी बसते ह्याच्याजवळ."